हात मोजताना

मी फक्त मोजणारी.
कुठल्याच गटातली नाही.
हे वाक्य या खोलीत प्रत्येकजण म्हणतो,
तेव्हा ते खोडते.

फेब्रुवारी. टॉडमॉर्डन. कालव्याकाठी विणकरांचा क्लब,
वरचा मजला. हीटरला नाणी लागतात
आणि ती कुणी टाकायची यावर अजून ठराव नाही.
मला सोडून बेचाळीस माणसं, ओले कोट,
भिंतीवर संस्थापकांची तसबीर.
तिच्या काचेत वाकून पाहिलं
की ज्याला त्याला आपलाच चेहरा दिसतो.

खिडकीकडे मॉड ऑलरेनशॉची माणसं.
त्यांना पक्ष जसा होता तसा हवाय,
म्हणजे जसा तो कधीच नव्हता तसा.
दाराकडे गिडियन थ्रपवाले,
जिंकायचं कसं हे पाठ असलेले,
कशासाठी असं विचारलं की घड्याळ बघणारे.
मधल्या रांगांत मोराग मॅकआस्किलचे बारा जण.
त्यांना दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं,
म्हणून दोन्हीकडचे त्यांच्याशी बोलत नाहीत.

उमेदवार आलेले नाहीत. पत्रकं आलीत.
तिघांच्याही पत्रकावर तोच पूल,
तोच पिवळ्या जाकिटातला कामगार,
हसतोय.
तो कुणाचा, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

एनिड आणि सिरिल ग्रीनहॉल्ज एका गाडीतून येतात.
ती खिडकीशी बसते, तो दाराशी.
त्रेपन्न वर्षांचा संसार आणि एकच थर्मास,
जो मधल्या रांगांतून हातोहात
इकडून तिकडे जातो.
मोरागची माणसं तो पुढे देतात. झाकण न उघडता.

भांडण निघतं पाणीपुरवठा सरकारी करायचा का यावरून
आणि पोचतं
संपाच्या वर्षी कुणाच्या चुलीवर कुणाचं सूप शिजलं
आणि कोण पंगतीला आलं नाही तिथवर.
'कॉम्रेड' हा शब्द इथे दातओठ खाऊन म्हणायचा असतो.
माझ्या वहीत: चर्चा झाली.

डाव्यांनी डाव्यांना डावलायचं,
हा डाव इतका जुना
की समोरचा मैदानात उतरतो तेव्हा
आमचे निम्मे गडी आधीच बाद.

मतपत्रिका छापायच्या राहिल्या.
(कुणाच्या चुकीने, तो विषय मार्चच्या सभेला.)
मग हातच वर करा.
सोळा मॉड, चौदा गिडियन, बारा मोराग.
मोराग गळाली. तिची माणसं एकमेकांकडे बघू लागली,
स्टेशन चुकलेल्या प्रवाशांसारखी.

दुसरी फेरी.
मॉड एकवीस. दोनदा मोजले.
गिडियन.
आता लक्षात आलं, इतकी वर्षं मोजतेय तरी
आत्ताच लक्षात आलं,
की वर गेलेले सगळे हात उजवे आहेत.
सतरा, अठरा, एकोणीस, वीस.
पेन्सिल टेकवली.
खिडकीकडे कुणीतरी टाळी वाजवायला तळवे जवळ आणले.

सिरिलचा उजवा खांदा
रंगखात्यातल्या पट्ट्याने केव्हाच नेलाय.
तो डावा हात वर करतो,
आणि तोही आता सावकाश,
कोपर गुडघ्यावरून उचलत, मग खुर्चीच्या पाठीवर टेकवत,
मग वर.

खोलीत कुणी बोललं नाही.
दाराकडच्यांचं लक्ष नव्हतं, ते फोनवर आकडे कळवत होते.

"याचा राहिला," एनिड म्हणाली.

एकवीस.
एकवीस.

नियमावलीत बरोबरीचं पान सापडेना.
कुणी म्हणालं नाणं उडवा,
कुणी म्हणालं नाणं असेल तर आधी हीटरमध्ये टाका.
खाली गाडीचा दरवाजा एकदा वाजला, मग दुसऱ्यांदा.
ती त्याला भांडत होती का, ते काचेतून कळलं नाही.

मी इतिवृत्त पुरं केलं. तारीख घातली.
तो हात मला आधीच दिसला होता.
हे त्यात नाही.